केनने उडी का मारली? : एक खुले पत्र

प्रति,
मुख्य डिझायनर,
'जुना आत्मा, नवं शरीर' विभाग,
(पत्ता खोक्याच्या तळाशी छापलेला आहे, भिंगाशिवाय वाचता येत नाही.)

स. न. वि. वि.

सर्वप्रथम खोक्याबद्दल अभिनंदन. जाड पुठ्ठा, चंदेरी अक्षरं, झाकण उचलताना आतली हवा दबकत बाहेर पडते तो आवाज, आणि काळ्या फोममध्ये पहुडलेला तुमचा सहा बटणांचा पॅड. सोबत गुळगुळीत कागदावर छापलेलं पत्रक : 'स्पर्धात्मक फायटिंग गेम्ससाठी, एका सुवर्णकाळाला मानवंदना.' मानवंदना पोचली. ज्याला दिली त्याची पुढे काय अवस्था झाली, ते कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पत्रकाच्या मागच्या बाजूला तुम्ही लिहिलंय, 'तुमचं बालपण परत तुमच्या हातात.' इथे जरा घोटाळा झालाय. माझं बालपण नव्वदच्या दशकातल्या महाराष्ट्रात गेलं आणि त्यात, ज्याच्या पॅडची ही नक्कल आहे तो सेगा सॅटर्न नव्हता. आमच्या आळीत कुणाकडेच नव्हता. फार तर टीव्हीला जोडायचा जपानी यंत्राचा नकली अवतार असे. त्याच्या कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं असे आणि लावल्यावर तेच पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हापुन्हा समोर येत. मारामारीचे गेम खेळायचे ते एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. उभ्याने, दांडा मुठीत धरून, मागे नंबर लावलेल्या थोरल्या पोरांच्या टपल्या खात. त्यामुळे तुम्ही जे मला परत देऊ करताय ते माझ्याकडून कधी हरवलंच नव्हतं. तुमच्या पॅडवरचा करडा रंग पाहून माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. मी तो घेतला तो एवढ्याचसाठी, की जगभरातले फायटिंग गेमवाले सॅटर्नच्या पॅडमधल्या डी-पॅडचं, म्हणजे दिशा देणाऱ्या चकतीचं, नाव काढलं की आजही आवाज खाली करून बोलतात. मला आठवण नको होती, अवजार हवं होतं. तुम्ही आठवण पाठवलीत.

तुम्हाला या अवजाराचा इतिहास पाठ असणारच. पण पॅड हाताळल्यावर शंका आली, म्हणून थोडी उजळणी.

१९८७ साली कॅपकॉमचा पहिला 'स्ट्रीट फायटर' आला, तेव्हा त्याच्या बड्या कॅबिनेटवर सहा बटणं नव्हतीच. दोन जाड रबरी गाद्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. जितक्या जोरात हाणाल तितका पडद्यावरचा फटका जोरदार. कल्पना झकास होती; फक्त पडद्यावरच्या गड्याआधी खेळणाऱ्याचाच पंजा कामातून जायचा. मग दुसरी सोय आली : हलका, मधला आणि जोराचा असे तीन ठोसे, तशाच तीन लाथा, मिळून सहा साधी बटणं. १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू'ने हीच मांडणी जगभर पोचवली. तेव्हा सहा हा आकडा कुणा चित्रकाराने वहीत काढून सुंदर दिसला म्हणून ठेवलेला नाही.

सॅटर्नच्या आधीच्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राच्या मूळ पॅडला तीनच बटणं होती. त्याच्यावर 'स्ट्रीट फायटर टू' आला तेव्हा तीन बटणंवाल्यांची पंचाईत झाली : त्या तिन्हींवर ठोसे, आणि लाथ मारायची तर आधी 'स्टार्ट' दाबून बटणांचा अर्थ बदलायचा. समोरचा अंगावर झेपावतोय आणि आपण लाथेसाठी अर्ज भरतोय! म्हणूनच १९९३ मध्ये सेगाने सहा बटणांचा पॅड काढला, आणि १९९४ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये सॅटर्न आला तो त्याच घराण्यातला आणखी सुधारलेला पॅड घेऊन. वर एक्स, वाय, झेड, खाली ए, बी, सी, खांद्यावर दोन, आणि डाव्या अंगठ्याखाली मधोमध किंचित खोलगट असलेली एकसंध चकती.

या पॅडला 'आधुनिक' करण्याचा मान मात्र पहिल्यांदा तुमच्याकडे जात नाही. १९९५ मध्ये सॅटर्न अमेरिकेत गेला तेव्हा खुद्द सेगानेच तिकडच्यासाठी पॅड चांगला फुगवला. लोकांनी नाकं मुरडली आणि पुढे कंपनीने मुकाट्याने जपानी साचाच तिकडेही दिला. तुम्ही त्यातून एवढं मात्र शिकलात की बाहेरून फारसा हात लावायचा नाही. बाहेरून तुमचा पॅड मूळच्या पॅडचा जुळा भाऊ वाटतो. जे मुख्य बिघडवलंत ते आतून.

आता मूळ तक्रार. साहेब, 'स्ट्रीट फायटर'मधला माझा गडी केन उड्या मारतो.

मी सांगितलेलं नसताना मारतो. मी त्याला पुढे चालायला सांगतो आणि हा सरळमार्गी माणूस दोन पावलं टाकतो न टाकतो तोच वर उडतो. समोरचा खाली शांतपणे शोर्युकेन हा उसळता ठोसा घेऊन वाट पाहत असतोच. मी बसून अडवायला सांगतो तर उभा राहतो. उभा राहा म्हटलं तर एखाद्या फ्रेमपुरता बसतो. आणि मी शोर्युकेन मागितला, म्हणजे पुढे, खाली, मग खाली-पुढे आणि ठोसा, तर कधी हदोकेन, म्हणजे ऊर्जेचा गोळा, सोडतो, कधी नुसताच ठोसा मारतो. हवेत येणाऱ्याला नुसता ठोसा म्हणजे काय होतं ते तुम्हीही कधी खेळून पाहा. खेळत असाल तर.

दोष कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या ग्राहकसेवेला नाही. त्यांनी उत्तर पाठवलं, 'कृपया फर्मवेअर अद्ययावत करा.' केलं. केन आता अद्ययावत उड्या मारतो.

शेवटी पॅड उघडला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भाच्याला मोबाइलचा टॉर्च धरायला बसवलं आणि मागचे स्क्रू काढले. आत काय असतं हे वाचकांसाठी सांगतो, तुमच्यासाठी नाही. खाली सर्किट बोर्ड; त्यावर चार दिशांचे चार काळे ठसे. त्यावर रबरी पडदा. पडद्याच्या पोटाला कार्बनच्या चार टिकल्या. आणि सगळ्यात वर तुमची ती देखणी चकती, जिच्या पाठीवर मधोमध एक खुंटी असते. सगळा खेळ त्या खुंटीचा. चकती खुंटीवर डुलते. खुंटी नेमक्या उंचीची असेल तर उजवीकडे दाबल्यावर डावी बाजू उचलली जाते, वरच्या-खालच्या टिकल्या अधांतरी राहतात आणि यंत्राला एकच दिशा कळते. अंगठा तिरका वळवला तर मात्र शेजारच्या दोन्ही टिकल्या टेकतात आणि तिरकी दिशा मिळते. खुंटी जरा उंच झाली तर तिरकी दिशा लागतच नाही, हदोकेन मधेच तुटतो. जरा बुटकी झाली तर चकती डुलण्याऐवजी सगळीच्या सगळी खाली बसते आणि शेजारच्या टिकलीलाही सोबत घेऊन जाते.

तुमची खुंटी बुटकी आहे. भाच्याने टॉर्च आडवा धरला आणि म्हणाला, "मामा, हे बघ, ही टेकतच नाहीये." खरंच. खुंटीचं टोक आणि बोर्ड यांच्यामध्ये त्याने पोस्टकार्डाची कडा सहज सरकवून दाखवली. माझ्या प्रत्येक हरलेल्या राउंडचं कारण त्या फटीत होतं.

जगभरातले लोक अशा पॅडवर जो घरगुती इलाज करतात तोच आम्हीही केला. बोर्डावरच्या काळ्या ठशांच्या कडांवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले, म्हणजे टिकली टेकायला जागा कमी उरते आणि चुकून लागणारी तिरकी दिशा लागत नाही. भाच्याने ते तुकडे नखाने दाबून बसवले. केन आता पुष्कळसा जमिनीवर असतो. म्हणजे तुमच्या नावाजलेल्या यंत्रात जे कमी होतं ते स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पुढच्या खोक्यात पत्रकाऐवजी चिकटपट्टीचं रीळ घातलंत तरी गिऱ्हाईक दुवा देईल.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दिशेचा एवढा काय तो बाऊ? तर २००४ साल आठवा. कॅलिफोर्नियातली फायटिंग गेमची इव्हो स्पर्धा, खेळ 'स्ट्रीट फायटर' मालिकेतला 'थर्ड स्ट्राइक'. दाइगो उमेहाराच्या केनचा जीव नखाएवढा उरलेला, समोर जस्टिन वाँगची चुन-ली तिची सुपर चाल घेऊन तुटून पडली. लाथांमागून लाथा. नुसतं अडवलं असतं तरी केन मेला असता. दाइगोने प्रत्येक लाथेला नेमक्या क्षणी दिशा मारून ती परतवली आणि मग उलटून मारलं. ती चित्रफीत आजही लोक अंगावर काटा आणून पाहतात. या परतवण्यात दिशा शुद्ध लागते. त्या दिवशी त्याच्या हाती तुमचा पॅड असता तर केनने दुसऱ्या-तिसऱ्या लाथेलाच उडी मारली असती आणि प्रेक्षकांना लवकर घरी जाता आलं असतं.

दाइगो तेव्हा दांड्यावर खेळत होता, पॅडचं उदाहरण द्या, असं तुमचं वकीलपत्र घेतलेला कुणीतरी म्हणेल. देतो. २०१४ ची इव्हो, 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर'. फ्रान्सच्या लुफीने रोझ हे पात्र घेऊन अंतिम लढतीत जपानच्या बोनचानला हरवलं. हातात काय होतं? पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड, तोच, अॅनालॉग दांड्याही नसलेला. समोर चारच बटणं, बाकीची खांद्यावर. तेव्हा हे गुपित तुमच्या कानात सांगतो : सहा बटणांवाचूनही जग जिंकता येतं. डी-पॅडवाचून येत नाही. आणि तुम्ही नेमकी सहा बटणं जपलीत, त्यांचे रंग जपलेत, त्यांच्यावरच्या अक्षरांची वळणं जपलीत, आणि डी-पॅड साच्यातून निघेल तसा निघू दिलात.

बरं, त्या अक्षरांचंही एक प्रकरण आहे. तुमच्या बटणांवर झेड आणि सी लिहिलंय. संगणकाला मात्र असली बटणं ठाऊकच नाहीत. त्याच्या हिशेबी पॅडला समोर चार बटणं असतात आणि उरलेली खांद्यावर. म्हणून तुमचा पॅड संगणकाला सांगतो की झेड हे उजव्या खांद्यावरचं बटण आहे. परिणामी सरावाच्या वेळी पडदा मला सांगतो 'आर-वन दाबा' आणि मी पॅडवर आर-वन शोधत फिरतो. जुन्या मुलखाचा नकाशा छापताना नव्या मुलखातल्या गावांची नावं कुठेतरी कोपऱ्यात द्यायला हरकत नव्हती. पत्रकात सुवर्णकाळावर तीन परिच्छेद आहेत. हा तक्ता नाही.

आता 'स्पर्धात्मक' या विशेषणाकडे येऊ. तुमच्या पॅडवर टर्बोचं बटण आहे. दाबून धरलं की ठोसे आपोआप सुटतात. छान. स्पर्धांमध्ये टर्बोला बंदी असते हे तुमच्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनही जागा रिकामी दिसते म्हणून बसवलंत? आणि त्या टर्बोला खेटूनच तुम्ही मेनूचं बटण दिलंय, अंगठा घसरला की नेमका पोचेल अशा बेताने. स्पर्धेत सामना चालू असताना खेळ थांबवला गेला तर राउंड हातचा जातो. म्हणून खऱ्या अर्थाने स्पर्धेसाठी बनवलेल्या पॅडवर ही बटणं बंद करणारी छोटी कळ असते. तुमच्याकडे कळ नाही. तुमच्याकडे त्या जागी दिवा आहे, जो निळा होतो.

आणि वायरलेस! खोक्यावर हा शब्द पाच ठिकाणी आहे. मोठ्या स्पर्धांचे आयोजक वायरलेस पॅड पाहिला की कपाळाला हात लावतात, त्याला कारण आहे. खेळून उठलेल्या माणसाचा पॅड यंत्राशी जोडलेलाच राहतो, पिशवीत त्याचं बटण दाबलं जातं आणि तिकडे तिसऱ्याच दोघांचा सामना थांबतो. असे प्रकार झालेले आहेत. बरं, म्हणून वायरने खेळावं, तर तुम्ही दिलेली वायर चार्जिंगपुरतीच लांब. टीव्हीपासून तेवढ्या अंतरावर बसलो तर केन मला पाहू शकेल, मी त्याला नाही.

वेळेचं गणितही मांडून ठेवतो. हे खेळ सेकंदाला साठ फ्रेमने चालतात. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा धडाका आहे. तो लागू व्हायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात तो ओळखायचा आणि जोराचा ठोसा नि जोराची लाथ एकदम दाबून उलट धडाका द्यायचा. डोळ्याने पाहून मेंदूने अंगठ्याला कळवण्यातच जवळजवळ निम्मा वेळ जातो. उरलेल्यातला वायरलेसने किती खायचा, हे तुम्ही ठरवून टाकलंत, मला न विचारता. जुन्या पॅडवर झेड आणि सी, म्हणजे जोराचा ठोसा आणि जोराची लाथ, एवढी जवळ आणि अशी वळलेली होती की अंगठा नुसता आडवा ठेवला तरी दोन्ही दाबली जायची. तुम्ही बटणं थोडी मोठी आणि मधली जागा थोडी ऐसपैस केलीत, 'आधुनिक हातांसाठी'. माझा आधुनिक अंगठा आता त्या मोकळ्या जागेत उतरतो.

निव्वळ कुरकुर नको, म्हणून कौतुकाचंही लिहितो. बटणं स्वतः चांगली आहेत. दाबल्याचा ठणका नाही, परत येताना रेंगाळत नाहीत. खांद्यावरच्या दोन्ही कळांना मूळच्यासारखाच छोटा, कोरडा टिक् आवाज येतो. तो मलाही आवडला, बालपणात ऐकलेला नसूनही. वजन बेताचं आहे. रंग उडत नाही. टाइप-सी वायर दिलीत, हे तर पुण्यकर्म. म्हणूनच राग जास्त येतो. जो माणूस खांद्यावरच्या कळेचा आवाज जुळवत बसतो, त्याला खुंटीची उंची मोजता आली नसती असं कोण म्हणेल? तुम्ही मोजलीच नाहीत, कारण ती दिसत नाही. फोटोत येत नाही. दुकानाच्या मांडणीवर तिला कुणी 'वा' म्हणत नाही. आणि पॅड हाती आल्यावर बहुतेक लोक त्याच्यावर उड्या मारायचेच गेम खेळून बघतात. त्यात एखादी उडी जास्त झाली तरी कुणाचं काय जातं? कौतुकाचे लेख तिथूनच येतात. तुमचा पॅड फायटिंग गेमसाठी आहे असं छापणारे तुम्हीच, आणि फायटिंग गेम सोडून बाकी सगळ्यात तो चालतो.

बाजाराचं गणित मी समजू शकतो. चाळिशीतल्या माणसाकडे पैसे असतात आणि हळवेपणही. त्याने पॅड घ्यावा, दोनदा हाताळावा आणि कपाटात काचेआड ठेवावा, म्हणजे तक्रार येत नाही. पण चाळिशीतली सगळीच माणसं काचेआड बघत बसत नाहीत, साहेब. हांगचौच्या आशियाई खेळांत, जे २०२२ चे म्हणून २०२३ मध्ये झाले, 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' पदकासाठी खेळला गेला. भारताचेही खेळाडू उतरले होते. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी. वय ४४. त्या वयाच्या माणसाला तुमच्या जाहिरातीतला तो धूसर पिवळा प्रकाश आणि जुना टीव्ही दाखवून काय होणार? त्याला खाली-पुढे म्हटल्यावर खाली-पुढेच पाहिजे.

मागणी फार नाही. खुंटी पोस्टकार्डाच्या जाडीने उंच करा. टर्बो काढा आणि त्या जागी कुलपाची कळ बसवा. वायर सोफ्यापर्यंत पोचेल एवढी द्या. दिवा कोणताही ठेवा.

हे पत्र लिहीत असतानाच तुमची नवी जाहिरात आली : 'लोकाग्रहास्तव दुसरी आवृत्ती, आता पारदर्शक कवचात.' आतलं सगळं दिसणार म्हणे. चांगलं झालं. यापुढे खुंटी बुटकी आहे हे गिऱ्हाइकाला दुकानातच दिसेल. स्क्रू काढायचा त्रास वाचला.

कळावे,
आपला,
खोका जपून ठेवलेला एक ग्राहक